आई बरं म्हणेपर्यंत

त्या दुपारी आम्ही दोघं मेथी निवडत होतो. एवढंच. त्यात सांगण्यासारखं काही नाही, पण दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम तेच. बायको स्वयंपाकघराच्या दारात बुटक्या स्टुलावर बसलेली, मी समोर खाली मांडी घालून, मधे पेपरवर जुडी सोडलेली. मी देठं लांब ठेवतो. ती माझ्या ढिगातली काडी उचलायची, परत खुडायची आणि म्हणायची, "अहो, जन्मभर मेथी लावली, इकली, आन् निवडाय येत न्हाय? बैलाला घालायचीय का माणसाला?"

"बैल गेले. आता आपणच उरलोय," मी म्हटलं.

पुण्याच्या कडेला धायरीत आमचं रान होतं. आता त्या रानावर इमारत आहे आणि तिच्या तिसऱ्या मजल्यावर आम्ही राहतो. मी शिकलो चौथी. ती दुसरीत असताना तिची शाळा सुटली. सून मात्र इंजिनिअर. कंपन्यांची कंप्युटर मशीनं लांब कुठंतरी ठेवलेली असतात, ती बंद पडू नयेत हे घरबसल्या बघायचं तिचं काम. त्याला क्लाउड म्हणतात. एकजण मला चौकात म्हणाला, तुमची सून ढगात कामाला आहे म्हणे. मी घरी येऊन सांगितलं तर बायको म्हणाली, "सांगा त्याला, वर काय न्हाय. खालीच मशीनं हायेत. मी इचारून घेतलंय."

सूनबाई त्या कामातलीच एक मोठी परीक्षा देणार होती. पास झाली तर तिची रात्रपाळी सुटणार होती. मशीन कुठलंही बंद पडो, रात्री उठवायचे हिलाच. लग्नापासून पोरगी सलग झोपलेली नव्हती. एकदा परीक्षेला बसली आणि नापास झाली. खोलीत दार लावून रडली. तेव्हा बायको दाराशी जाऊन म्हणाली, "एकटी एकटी वाचतीस म्हनून व्हतंय. मला सांग. मला कळलं म्हंजी तुला कळलं."

तेव्हापासून रीत पडली. सूनबाई ओट्याला टेकून उभी राहणार, मोबाईलवरचा सरावाचा प्रश्न वाचणार. प्रश्न इंग्रजीत, ती मराठीत सांगणार. चार उत्तरं असतात, त्यातलं एक खरं. खरं का आणि बाकीची तीन खोटी का, हे तिनं सासूला पटवायचं. बायकोनं एकच विचारायचं, "कशापायी?" तिला पटलं की म्हणणार, "बरं." बरं म्हणेपर्यंत पुढचा प्रश्न नाही.

एकदा प्रश्न होता, अचानक गिऱ्हाइकांची गर्दी झाली आणि मशीन दमलं तर काय करायचं. बायको लगेच म्हणाली, "लक्ष ठेवाय एक माणूस बसवायचा."

"चूक. आपोआप जादा मशीनं जोडली जातील अशी सोय करायची."

"कशापायी? माणूस काय वाईट हाय?"

"आई, तो बसवलेला माणूस म्हणजे मी."

बायकोनं तिच्या जागरणाच्या डोळ्यांकडं बघितलं. मग म्हणाली, "बरं. मशीनंच जोड."

दुसरा एक होता, माहितीची दुसरी प्रत काढून ठेवली की झालं का? नाही, ती मधेमधे उघडून बघावी लागते. यावर एकदाही कशापायी झालं नाही. "बियाणं ठिवलं म्हंजी झालं व्हय? उगवतंय का ते बघाय लागतंय." मी कोपऱ्यातून मान डोलावली. माझी तेवढीच हजेरी.

कारण मी आणि सून समोरासमोर बोलत नव्हतो. भांडण नाही. आमच्यात सासऱ्यानं सुनेशी आणि सुनेनं सासऱ्याशी थेट बोलायची चाल नाही. ती घरात पॅन्ट घालून वावरते, पदराचं तिला कुणी कधी म्हटलं नाही, पण बोलणं मात्र बायकोमार्फत. "आई, बाबांना विचारा, चहा ठेवू?" मी तिथंच हातभर अंतरावर. बायको माझ्याकडं वळून, "च्या ठिवू का म्हनतीय." मी, "ठेव म्हणावं." बायको तिकडं तोंड करून, "ठिव म्हनत्यात." वर आम्हा दोघांना ऐकू जाईल असं, "माझा मेलीचा जल्म हितं टपाल वाटण्यात गेला."

आणखी एक सवय माझी. मी गॅलरीत बसलेला असलो की उगाच हाक मारायचो, "हायेस का गं?" काम काही नसायचं. आतून यायचं, "हाय की. जातीय कुठं?" दिवसातनं कितीदा तरी. सूनबाई हसायची, मला कळायचं.

तर त्या दुपारी मेथी निवडता निवडता प्रश्न चालले होते. सूनबाई सांगत होती, की महत्त्वाचं मशीन कधी एकटं ठेवायचं नाही. दुसरं तयार ठेवायचं. पहिलं बंद पडलं की दुसऱ्यानं काम उचलायचं, गिऱ्हाइकाला पत्तासुद्धा लागत नाही.

"कशापायी? म्हंजी दुसऱ्याला कळतं कसं, पयलं गेलं म्हनून?"

सूनबाई सांगायला लागली तेवढ्यात तिला ऑफिसचा फोन आला. "आई, हे उद्या सांगते," म्हणून ती खोलीत गेली. बायकोनं मेथी पिशवीत भरली, गुडघ्यावर हात टेकून उठली. त्या प्रश्नाला ती बरं म्हणाली नव्हती.

संध्याकाळी तिच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात नेताना गाडीतच गेली.

लोक आले, गेले. तेरावं झालं. मेथी फ्रीजमधे काळी पडली होती, ती कुणी टाकली मला माहीत नाही. घरात आवाज होता तो भांड्यांचा. सूनबाई चहाचा कप माझ्यासमोर ठेवायची आणि जायची. हवा की नको, विचारणार कुणामार्फत? साखर जास्त झाली तरी मी तसाच पीत होतो. एकदा गॅलरीत बसलो असताना तोंडातून गेलंच, "हायेस का गं?" आत नळ चालू होता. तो बंद झाला. मग नळ पुन्हा सुरू झाला.

परीक्षा तोंडावर आली होती. सूनबाई ओट्याशी मोबाईल घेऊन उभी राहायची, पहिला प्रश्न वाचायची, स्टुलाकडं बघायची आणि मोबाईल पालथा ठेवायची. मी हे बघत होतो. मला शिव्या द्याव्याशा वाटायच्या, पण कुणाला द्यायच्या?

एका रात्री जेवताना ती माझ्या मुलाला म्हणाली, "मी परीक्षा उद्या रद्द करते. राहू दे रात्रपाळी."

मी मुलाला म्हटलं, "तिला सांग, रद्द करू नको म्हणावं."

"बाबा, ती इथंच बसलीय."

"तू सांग."

मुलानं कपाळाला हात लावला. "अगं, बाबा म्हणतात रद्द करू नको."

ती ताटात बघत म्हणाली, "बाबांना सांग, ऐकायला कुणी नाही."

मुलगा एकदा माझ्याकडं, एकदा तिच्याकडं बघत राहिला आणि ताट घेऊन उठला. त्याला हे टपाल जमणारं नव्हतं. त्याच्या आईला जमत होतं, कारण ती नुसता निरोप सांगायची नाही. इकडचा राग तिकडं पोचेपर्यंत अर्धा करायची.

झोप आली नाही. मशीनला दुसरं मशीन असतं. बायको गेली, आता तिच्या जागी काय उभं करायचं? मी? माझ्या तोंडून कशापायी निघालं की समोरच्याला वाटतं मी भांडायला उठलोय. ती तोच शब्द म्हणायची तर पोरगी सांगायला लागायची.

सकाळी लवकर उठलो. अंघोळ केली. खाली जाऊन भाजीवाल्याकडून मेथी आणली. घेताना जुडी चांगली बघून घेतली, मुळाशी पिवळी पानं होती ती परत केली. वर आलो आणि खाली बसलो नाही. तिच्या स्टुलावर बसलो. गुडघे पार छातीशी आले. पेपर पसरला, जुडी सोडली.

सूनबाई चहा घेऊन आली आणि मला तिथं बघून दारातच थांबली. मोबाईल तिच्या हातात होता.

मी मेथीकडं बघत म्हटलं, "रद्द केलीस?"

लग्न होऊन आल्यापासून मी तिला थेट विचारलेलं हे पहिलं.

"नाही अजून."

"मग त्या दिवशीचं सांग. पहिलं मशीन गेलेलं दुसऱ्याला कळतं कसं?"

तिनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "पहिल्याला सारखं विचारत राहायचं, बाबा. आहेस का, आहेस का. ते 'आहे' म्हणतं. उत्तर यायचं बंद झालं, की समजायचं गेलं."

"बरं," मी म्हटलं.

"आई इतक्या लवकर बरं म्हणायच्या नाहीत."

खरं होतं ते. मी हातातली काडी खुडली, आखूड, बायकोला आवडायची तशी.

"कशापायी? एकदा उत्तर नाही आलं तर लगेच गेलं म्हणायचं? कामात असेल. ऐकू गेलं नसेल."

"म्हणून पुन्हा विचारायचं."

"किती वेळा?"

"ते आपण ठरवायचं, बाबा."

मी बरं म्हटलं नाही. तिनं थोडा वेळ वाट बघितली, मग माझ्यासमोर खाली मांडी घातली, जुडीतली मूठभर मेथी आपल्याकडं ओढली आणि सांगायला लागली.