धुऱ्यावरचं मँगेनीज

रोहण्याच्या शिवारात मँगेनीज आहे, असं मी भर धुऱ्यावर उभं राहून सांगितलं. तिथं मँगेनीज नव्हतं.

मी तेव्हा वर्ध्याच्या एका शाळेत भूगोल शिकवायचो आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत रोहण्याला ताईकडे आंबे खायला गेलो होतो. नुसते आंबे खाऊन परतलो असतो तर काही बिघडलं नसतं. पण मास्तर माणूस. समोर दोन माणसं दिसली की सुट्टीतही हात खडू शोधायला लागतो.

ताईचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, आणि त्यांचा धाकटा भाऊ यांची वावरं लागून होती. मधे बांधाचा एक धुरा. दोघांकडे एकेकच बैल, त्यामुळे पेरणीच्या वेळी दोघांचे बैल एका जुवाला लागत. आधी थोरल्याचं वावर, मग धाकट्याचं. त्या सकाळी दोघं मिळून धुऱ्याची डागडुजी करत होते आणि मी लिंबाच्या सावलीत बसून देखरेख. कुदळीखालून एक काळा गोटा निघाला. आकाराच्या मानानं भलताच जड. मी तो तळहातावर झेलून पाहिला, वास घेतला (का घेतला, देव जाणे) आणि निकाल देऊन टाकला.

"त्याचं का करते लोकं?" भाऊजींनी विचारलं.

"पोलादात घालतात. तोफांच्या, रणगाड्यांच्या. तिकडे कोरियात लढाई पेटलीय, म्हणून तर भंडाऱ्याकडच्या खाणवाल्यांच्या दारात मोटारी उभ्या राहिल्या."

"अन् लढाई थांबली त?"

"इतक्यात नाही थांबत," मी म्हणालो. जसं काही दोन्हीकडचे सेनापती मला विचारून झोपत होते.

धाकटा फावड्यावर रेलून ऐकत होता. म्हणाला, "गोटा माह्या वावराच्या अंगानं निंघाला."

"धुरा बापाचा हाय," भाऊजी म्हणाले. "दोघायचा."

"मंग कुदय कोनाची व्हती?"

इथंच मी गप्प बसायला हवं होतं. मी म्हणालो, खनिजाची शीर जमिनीखाली कुठेही वळते, बांध बघत नाही.

दुपारपर्यंत दोघं दोन बाजूंनी धुरा पोखरू लागले. आमच्याकडे धुरा बोटभर सरकला तरी कुऱ्हाडी निघतात. इथं तो मुळापासून गेला. उरला एक लांबलचक चर, अलीकडे एक ढीग, पलीकडे एक ढीग. कोणाचं वावर कुठं संपतं हे सांगायला काहीच उरलं नाही. दुसऱ्या दिवशी भाऊजी बंडीच्या उभारीचं दांडकं घेऊन आपल्या ढिगावर बसले, धाकटा गोफण घेऊन आपल्या. गोफणीत दगड कोणते? तेच. लढाईला मँगेनीज लागतं हे मीच शिकवलं होतं, पण विद्यार्थी ते इतक्या तातडीनं वापरतील असं वाटलं नव्हतं. मी समजूत घालायला गेलो तर एक गोटा माझ्या छत्रीतून आरपार गेला.

संध्याकाळी धाकट्यानं आपला बैल सोडून नेला.

"आभाय भरून राह्यलं," ताई चुलीपुढून म्हणाली. "एका बैलानं तिफन चालते का रे?"

"ताई, खाण लागली तर पेरायची गरजच..."

"लेकरायले गोटे चारू?"

तिनं तवा ज्या आवाजात खाली ठेवला, त्यावरून मी सकाळच्या छोट्या गाडीनं पुलगाव आणि तिथून नागपूर गाठलं. गोटा उपरण्यात बांधलेला. वाटेत मनातल्या मनात खाणीचं उद्घाटनही करून घेतलं. हार मलाच घातला. खनिजाच्या दलालाकडच्या कारकुनानं गोटा उलटासुलटा केला आणि परत माझ्या मांडीवर ठेवला.

"मास्टरजी, ये तो लोहार की भट्टी का मैल है. पढ़ाते क्या हो?"

"मराठी," मी म्हणालो.

परतलो तेव्हा दोघं आपापल्या ढिगावर तसेच बसलेले. कोणाच्या बाजूला उभं राहावं कळेना, म्हणून चरात उतरलो आणि खालूनच सगळं सांगितलं.

मग भाऊजींनी डोकं खाजवलं. "आबानं धुऱ्याले भर घातली व्हती. लोहाराच्या भट्टीपासून बंड्या भरून आनल्या, असं माय सांगे."

"मंग काऊन नाई सांगतलं?" धाकटा म्हणाला.

"मास्तर बोलून राह्यले व्हते ना. म्या म्हटलं, शिकेल-सवरेल मानूस हाय."

दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं. उभारी खाली आली, गोफण कमरेला गेली आणि एक टोपलं माझ्या डोक्यावर आलं. जुन्या बाभळीपासून विहिरीच्या थारोळ्यापर्यंत तो सगळा धुरा मी पुन्हा भरला. भाऊजी फावड्यानं टोपलं भरून देत, धाकटा तिकडून "अजून दाबा, मास्तर" म्हणे. मँगेनीज किती जड असतं हे तेव्हा मानेला कळलं.

पाऊस आला तेव्हा धुरा उभा होता. ओल मुरून वापसा झाला त्या सकाळी धाकट्यानं आपला बैल आणला आणि तिफण सुरू झाली. ताई शिदोरी घेऊन आली, तेव्हा मी आखडलेली मान धरून धुऱ्यावर बसलो होतो.

"बघ ताई," मी म्हणालो, "लागले की नाही दोघं पुन्हा एका जुवाला?"

ताईनं एकदा बैलांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"ते त लागले," ती नवऱ्याला म्हणाली. "आता या तिसऱ्याले वर्ध्याले पोचवून द्या. वढत काई नाई, नुसता हंबरते."