अठ्ठ्याहत्तर किलोंचा ड्रायव्हर

गाडी तिसऱ्या वळणावर आल्या दिशेला तोंड करून उभी होती. साठ वर्षांची जुनी ब्रिटिश रेस कार, बिनछपराची, हिरवीगार, जीवापाड जपलेली. सुदैवाने गाडीला ओरखडा नव्हता आणि आतल्या मिस्टर क्वेक यांनाही. ते उतरले, चालत आमच्यापर्यंत आले आणि माझ्याकडे न बघता माझ्या बॉसला म्हणाले, “तुझ्या इंजिनिअरने आज मला मारलंच असतं.”

बॉसचं नाव डेसमंड. सिंगापुरात वन-नॉर्थ भागात त्याची छोटी कंपनी आहे. आम्ही घरपोच जेवण नेणारे रोबो बनवतो. त्यांचं सस्पेन्शन, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगा आणि शॉकॲब्जॉर्बर, हे माझं काम. फुटपाथवरून उतरताना आतलं नूडल सूप सांडू नये, एवढी माझी थोर जबाबदारी. मिस्टर क्वेक आमचे सगळ्यात मोठे इन्व्हेस्टर. सूप न सांडणारी बाई रेस कारही नीट वळवून देईल, असं त्यांना वाटलं. आणि क्वेकसाहेबांना जे वाटतं ते डेसमंडला जरा आधीच वाटलेलं असतं.

“तू इंडियात ऑटोरिक्षांवर काम केलंयस ना?” तो म्हणाला होता. “सेम थिंग, लाह.”

चाकणला सात वर्षं मी रिक्षांचं सस्पेन्शन ट्यून केलं हे खरं आहे. सेम थिंग नाही, हेही खरं आहे. पण माझ्या एम्प्लॉयमेंट पासच्या रिन्यूअलचा अर्ज डेसमंडच्या सहीसाठी पडून होता. पास गेला की मी आणि माझी लेक, आम्हा दोघींना बॅगा भरून निघायचं. दोन आठवड्यांनी याच ट्रॅकवर, पलीकडे मलेशियात जोहोरच्या बाजूला, जुन्या गाड्यांची रेस होती आणि साहेबांनी सगळ्या मित्रांना बोलावलं होतं. “ती रेस नीट होऊ दे,” डेसमंड म्हणाला, “मग तुझा अर्ज बघू.” मग मला एकदम रेस कारची आवड निर्माण झाली.

आता मी काय करून ठेवलं होतं ते सांगते. अशी गाडी ट्यून करताना चार चाकांखाली चार वजनकाटे ठेवतात. कुठल्या चाकावर किती भार येतो ते बघून स्प्रिंगा वरखाली करतात. त्या वेळी ड्रायव्हर सीटवर बसलेला लागतो, कारण एवढ्या हलक्या गाडीत माणूस हाच सगळ्यात मोठा सुटा भाग. पण साहेबांना वेळ नव्हता. त्यांच्या सेक्रेटरीने, शर्लीने, एक फॉर्म भरून पाठवला. उंची, बुटांचा नंबर, वजन अठ्ठ्याहत्तर किलो.

मी लिटिल इंडियात जाऊन पाच-पाच किलोंच्या पंधरा तांदळाच्या पिशव्या आणल्या, वर तीन लिटर पाणी. अठ्ठ्याहत्तर किलो, अगदी तंतोतंत. त्यांना सीटवर बसवून बेल्ट लावला. शिवाय साहेबांना गाडी फोटोत जमिनीला चिकटलेली दिसायला हवी होती, म्हणून अठ्ठ्याहत्तर किलोंना जेवढी लागेल तेवढीच जागा ठेवून मी गाडी खाली बसवली. तांदूळ नंतर घरी आणले. आम्ही अजून तेच खातोय.

“आई, we are eating Mr Quek, is it?” लेकीने विचारलं होतं.

ट्रॅकवरून गाडी वर्कशॉपला परत आली, तशी मी आधी मागच्या उजव्या चाकापाशी वाकले. शॉकॲब्जॉर्बरच्या दांड्यावर आम्ही एक साधी प्लास्टिकची केबल टाय बांधतो. दांडा आत गेला की ती सरकते आणि तिथेच राहते. चाक कुठपर्यंत दाबलं गेलं, ते त्यावरून कळतं. बाकी तीन चाकांच्या टाय मधेच कुठेतरी होत्या. ही एक पार टोकाला जाऊन रबरावर चेपली होती. ते रबर म्हणजे बंप स्टॉप. स्प्रिंगची जागा संपली की चाक त्याच्यावर आदळतं, सस्पेन्शन क्षणात दगडासारखं होतं आणि मागच्या चाकांची पकड सुटून गाडी गर्रकन फिरते. ड्रायव्हर उजवीकडे बसतो. तिसरं वळण डावीकडे आहे, म्हणजे तिथे सगळा भार उजव्या चाकांवर. हिशोब लख्ख होता. अठ्ठ्याहत्तर किलोंचा माणूस तिथपर्यंत पोचूच शकत नव्हता.

मला स्वतःचीच चीड आली. चाकणला कागदावर लिहिलेल्या वजनावर मी एक दिवस विश्वास ठेवला नाही. रिक्षाच्या कागदावर तीन प्रवासी असतात, रिक्षात सात असतात आणि ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना एकेक मेहुणा. आम्ही माणसं कोंबूनच टेस्ट घ्यायचो. आणि इथे, फॉर्म स्वच्छ टाइप केलेला होता म्हणून मी त्याला हात जोडले. सिंगापुरात राहिलं की माणूस असा बिघडतो.

डेसमंडचा फोन आला. “साहेबांना रिपोर्ट हवाय. चूक कोणाची, ते लिहून. फ्रायडेपर्यंत. कॅन ऑर नॉट?”

“वजन चुकीचं दिलं होतं,” मी म्हटलं.

“सुजाता, ते जाड आहेत असं तू लिहू शकत नाहीस.”

“मग काय लिहू?”

“वारा होता असं लिही.”

वारा लिहिणं सोपं होतं. पण रेसच्या दिवशी ते पुन्हा त्याच वळणावर येणार होते आणि या वेळी आजूबाजूला इतर गाड्या असणार होत्या. अंदाजाने गाडी थोडी उचलून ठेवावी, असंही मनात आलं. पण त्या वेगात थोडी म्हणजे किती? मला खरोखर भीती वाटत होती, त्यांच्या मानेची आणि माझ्या पासची. कुठली जास्त, ते विचारू नका.

मी शर्लीला कळवलं की साहेब रेसच्या पूर्ण वेशात दहा मिनिटं सीटवर बसले नाहीत, तर मी गाडी सोडणार नाही. नोकरीवर पाणी सोडूनच तो मेसेज पाठवला.

ते आले. बसले. गाडी खाली गेली. रिकाम्या गाडीचं वजन पाचशे चाळीस. स्क्रीनवर आकडा आला सहाशे पंचेचाळीस. डेसमंड इंजिनिअरिंगचा पदवीधर आहे, पण त्या क्षणी त्याला वजाबाकी येईनाशी झाली. तो छताकडे बघत उभा राहिला.

क्वेकसाहेबांना मात्र वजाबाकी उत्तम येते. त्यांनी स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“हे हेल्मेटसकट ना?”

“हो सर. हेल्मेट, सूट, सगळ्यासकट.”

“हेल्मेट जड असतात.”

“फार जड असतात, सर. आणि ते वजन धरलं नाही, तर तिसऱ्या वळणावर गाडी पुन्हा फिरेल.”

ते स्टीअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. मग हळूच, डेसमंडला ऐकू जाणार नाही असं म्हणाले, “त्या दिवशी मी खूप घाबरलो होतो.” पहिल्यांदाच मला तो माणूस आवडला. “धर,” ते म्हणाले. “सगळं धर.”

मी मागची उजवी बाजू बोटभर उचलली, स्प्रिंग थोडी कडक घातली आणि ते बसलेले असतानाच चारही काटे जुळवले. रिपोर्टमध्ये लिहिलं, ‘ड्रायव्हरच्या साहित्याचं सत्तावीस किलो वजन आधी धरलं गेलं नव्हतं.’ डेसमंडने तो वाचून मला कॉफी पाजली.

रेसच्या दिवशी गाडी तिसऱ्या वळणातून शहाण्यासारखी गेली, प्रत्येक फेरीत. साहेब शेवटून दुसरे आले आणि बिघाड आपणच शोधल्याचं मित्रांना सांगत फिरले. सोमवारी माझ्या अर्जावर सही झाली.

शिकले ते इतकंच. माणसाचं वजन कुठल्याही रकान्यात टाकावं, बेरीज तेवढी खरी ठेवावी. गाडी माणसाला विचारत नाही, बेरजेला विचारते.

मात्र गेल्या महिन्यात पुढच्या रेससाठी शर्लीचा नवा फॉर्म आला. वजन अठ्ठ्याहत्तर. खाली टीप, साहेबांनी कार्बन फायबरचं नवीन हेल्मेट घेतलंय, अतिशय हलकं.

आता सत्तावीस किलो ठेवायचे कुठे, हा प्रश्न होता. सध्या मी ते बुटांत ठेवलेत.