भिजवलेलं छत

मामा हॉस्पिटलातून घरी यायच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या खोलीचं छत रंगवलं. कुणी सांगितलं नव्हतं. मीच मामींना म्हणालो, "पेंटर कशाला? मी आहे ना."

चेन्नईजवळ अंबत्तूरला कारखान्यात लागलो तेव्हा या जोडप्याने मागची खोली भाड्याने दिली; नात्याचे नव्हेत, मीच त्यांना मामा-मामी म्हणतो. तंजावरकडचे, जुनं मराठी बोलणारे. मला कावीळ झाली तेव्हा मामींनी तीन आठवडे ताकभात पुढ्यात आणून ठेवला. आठवीत शाळा सोडलेला माणूस मी, त्याची परतफेड कशाने करणार? अर्धांगाच्या झटक्याने मामांची वाचा गेली होती. आता उताणं पडून राहायचं, म्हणजे दिवसभर डोळ्यांपुढे तेच छत. ते तरी स्वच्छ असावं, एवढंच मनात होतं.

गावी दिवाळीआधी घराला चुना मीच मारायचो. आधी भिंत पाण्याने भिजवायची, मगच चुना धरतो. इथेही तेच केलं. जुन्या चुन्यावरच भरपूर पाणी मारलं आणि प्लास्टिक पेंटचे दोन हात दिले. संध्याकाळी मामी दारातच थांबल्या.

"अय्यो, लग्नाचा कल्याणमंडपच केलास की रे!"

दुसऱ्या दिवशी दुपारी मामांना पलंगावर निजवलं आणि मी वर पाहिलं. पंख्याशेजारी एक फोड आला होता, बिब्बा उतल्यासारखा. स्टुलावर चढून दाबला, तर बाजूला दुसरा उठला. रात्रीपर्यंत मोजणं सोडून दिलं.

रंगाच्या दुकानदाराने कपाळाला हात लावला. "चुन्याला पाणी लागतं, तंबी. याला कोरडी जागा लागते. आतल्या ओलीने जायचं कुठून? सगळं खरवड आणि पुन्हा मार."

रंग खरवडायची पत्ती घेऊन आलो, तर मामींनी ती हातातून काढून घेतली.

"धूळ नको. त्यांच्या छातीत कफ आहे."

"दोन दिवस हॉलमध्ये हलवू या?"

"घरी आणतानाच धाप लागली होती. डॉक्टर म्हणाले आता जागचं हलवू नका, आणि तू हलवतोस!"

"मग खरवडायचं कधी?"

तोंडातून गेल्यावर कळलं, हा पलंग रिकामा कधी होणार हेच मी विचारलं होतं. मामींनी पत्ती परत माझ्या हातात ठेवली. मामा ऐकत होते, त्यांना ऐकू सगळं येतं. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

आठवड्याने पापुद्रे गळायला लागले. एक त्यांच्या गालावर पडला. तो झटकायला त्यांचा हात उठेना. मग मच्छरदाणीच्या चार दांड्यांना मामींची जुनी साडी ताणून बांधली. गाठी मीच मारल्या. मामांना आता छत दिसत नाही, साडीच दिसते.

"त्यांना बरं वाटतंय," मामी म्हणतात. कशावरून, ते मी विचारत नाही.

पत्ती मी माझ्या खोलीत पलंगाखाली सारून ठेवली आहे. ती हातात घ्यायची वेळ येऊ नये, असं रोज कामावर निघताना म्हणतो. साडीवर पडलेले पापुद्रे आधी हलकेच उचलतो आणि मग निघतो.