केतकीचा मोठा बर्नर

मंडळी, आत्ताच अल ऐनहून परत आलेय आणि अजून पोटात दुखतंय.

माझी धाकटी जाऊ केतकी तिथे व्हिलात राहते. अंगणात भला मोठा गॅस बर्नर, त्यावर पातेलंभर जिंजर बिअर उकळतेय, अर्थात बिनदारूची. आम्ही राहतो त्या मनखूल भागातल्या बिल्डिंगमध्ये सिलेंडर अलाउडच नाही. इलेक्ट्रिक शेगडीवर चहासुद्धा रडतखडत होतो.

तेवढ्यात वारा सुटला, ज्योत आडवी व्हायला लागली. केतकी म्हणाली, "यल्ला, चला, गॅरेजमध्ये नेऊ आणि शटर ओढून घेऊ."

मी ओरडलेच, "अजिबात नाही! बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो. वासही येत नाही, कळायच्या आत माणूस खलास!"

"ताई, तुमच्याकडे तर गॅसच नाही. तुम्हाला कसं माहीत?"

मी सरळ सिलेंडर बंद केला. वारा पडल्यावर बर्नर उघड्यावरच पुन्हा पेटवला. भाऊजी सगळ्यांना सांगत होते, "आमच्या केतकीचा सेटअप बघा!"

काय सांगणार तिला? बर्नरसोबत आलेलं मॅन्युअल तिने प्लास्टिकमधून बाहेरही काढलेलं नाही. मी मात्र ते नेटवर शोधून कितीदा तरी वाचलंय.

खरं सांगा, दुसऱ्याच्या वस्तूचं मॅन्युअल पाठ असलेली मी एकटीच का?