दाबायचं, पुसायचं नाही

गल्लीत त्याला सगळे तुरटी म्हणायचे. खरं नाव सांगायला त्याच्या बायकोलाही क्षणभर थांबावं लागे. दोन खुर्च्यांचं सलून होतं त्याचं. एक खुर्ची सांगितलं की मागे कलायची, दुसरी तिच्या मर्जीनं. केस कापून संपले तरी कात्री हवेत चालूच राहायची, कारण तुरटीची गोष्ट संपलेली नसायची. डोक्यावर लख्ख चांदणं पडलेली माणसंही त्याच्याकडे नेमानं केस कापायला येत, ती या गोष्टींपायी.

बोलण्यात कुणी त्याचा हात धरला नसता आणि रक्त थांबवण्यातही. दोन्ही धाकटे भाऊ बॉक्सर. वडील लवकर गेले, तेव्हा त्यांना यानंच वाढवलं. उभ्या जन्मात यानं कुणाला चापट मारली नव्हती, पण भाऊ रिंगमध्ये उतरला की बादली, टॉवेल आणि तुरटीचा खडा घेऊन हा त्याच्या कोपऱ्यात हजर. दोन फेऱ्यांच्या मधे मिनिटभर मिळतं. फुटलेली भुवई तेवढ्यात बंद करायची, नाहीतर डॉक्टर येऊन डोकावणार आणि लढत थांबवणार. तुरटीचं सगळं शास्त्र एका वाक्यात मावायचं: दाबायचं, पुसायचं नाही. पुसलं की जखम पुन्हा तोंड उघडते. म्हणून अंगठा घट्ट दाबून धरायचा. दुकानात केस झाडायच्या वयापासून भावांनी हे वाक्य इतक्यांदा ऐकलं होतं, की पाढे विसरले पण हे विसरले नाहीत.

अंगठा दाबलेला असतानाही तोंड गप्प बसणार थोडंच? तो विचारायचा, "काय साहेब, मिशी ठेवायची की काढायची?" भावानं म्हणायचं, "ठेवायची." घराण्यात मिशी कुणालाच नव्हती आणि फुटण्याची चिन्हंही नव्हती. पण उत्तर फटकन आलं, की डोकं जागेवर आहे असं समजायचं.

मधला आता लढत नव्हता. दुकानातल्या बाकावर बसून तो टॉवेलांच्या घड्या घालायचा आणि घालून झाल्या की मोडून परत घालायचा. तुरटीनं विनोद केला की गिऱ्हाईक हसायचं आणि ते उठून गेल्यावर मधला हसायचा. खुर्चीत नुकतं बसलेलं नवं गिऱ्हाईक मग घाईघाईनं आरशात स्वतःचा चेहरा तपासायचं.

मधल्याची ही दशा टेंपोच्या ठोशांनी झाली होती. टेंपो म्हणजे दुधाचा टेंपो चालवणारा एक बॉक्सर. रिंगमध्येही तो तसाच यायचा, हॉर्न न वाजवता. त्या लढतीपासून धाकट्यानं त्याच्यावर डूख धरला होता. लग्नाचं काढलं की म्हणायचा, आधी टेंपो. नोकरीचं काढलं तरी तेच. वहिनी वैतागून म्हणायची, सामान हलवायचं असलं तरी लोक टेंपोची इतकी वाट बघत नाहीत. धाकटा हसायचा, पण नजर बाकावरच्या टॉवेलांवर असायची. टेंपोनं मधल्यादादाला जे दिलं ते त्याला व्याजासकट परत करणार, एवढंच त्याचं म्हणणं.

तो असं म्हणाला की तुरटी साबण लावून झालेल्या गालाला पुन्हा साबण लावायचा. कारण त्या दिवशीचं एक त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. मधल्याची भुवई तेव्हा अशी फुटली होती, की लढत संपलीच असं धरून टेंपोनं हात खाली सोडले होते. डॉक्टर निघालेच होते. पण तुरटीचा अंगठा बसला आणि रक्त बंद. लोक त्याच्या नावानं ओरडायला लागले. त्यानं मिशीचं विचारलं. मधल्यानं उत्तर दिलं, बरोबर दिलं, पण उशिरा दिलं. तुरटीला ते कळलं होतं. पण आयुष्यात पहिल्यांदाच अख्खा हॉल एका न्हाव्याच्या अंगठ्यासाठी टाळ्या वाजवत होता. त्यानं मधल्याची पाठ थोपटली आणि त्याला पुढच्या फेरीला सोडलं.

अखेर धाकट्याची आणि टेंपोची गाठ पडली. टेंपो आता जुना झाला होता, पण हात तेच होते. धाकटा मात्र असा काही खेळला, की त्याच्यावर एरवी जळणारेही बाकांवर उभे राहिले. गुणांवर तो स्पष्ट पुढे होता. शेवटच्या आधीच्या फेरीत टेंपोचा एक ठोसा बसला आणि भुवई फुटली.

तो स्टुलावर येऊन बसला. अंगठा बसला. रक्त आटत आलं. तुरटीनं विचारलं, "काय साहेब, मिशी ठेवायची की काढायची?"

धाकट्यानं त्याच्याकडे पाहिलं. परक्या माणसानं रस्त्यात अडवून पत्ता विचारावा, तसं पाहिलं. मग ओठ हलले. मग कधीतरी आवाज आला, "ठेवायची."

पहिल्या रांगेत मधला हसला. सकाळच्या विनोदाला.

तुरटीनं अंगठा उचलला, टॉवेल घेतला आणि भुवई पुसली. परत पुसली. रक्त डोळ्यावरून गालावर, गालावरून छातीवर ओघळलं. डॉक्टर आले, वाकून पाहिलं आणि हात आडवे केले. लढत संपली. टेंपोचा हात वर झाला, तेव्हा तोसुद्धा ओशाळल्यासारखा दिसत होता.

कपडे बदलायच्या खोलीत दोघंच होते. धाकट्याच्या भुवईवर पट्टी होती, ग्लोव्हज अजून हातांतच होते.

"दादा, तू पुसलंस."

तुरटीनं टॉवेल बादलीत टाकला.

"हो."

"का?"

"मधल्याच्या वेळी दाबलं होतं."

मग त्यानं सगळं सांगितलं. टाळ्यांचंही सांगितलं. सांगून झाल्यावर चष्मा काढून खिशात ठेवला, कारण आता ठोसा येणार होता आणि तो यावा असं त्याला वाटत होतं. धाकट्यानं दोन्ही हात पुढे केले. तुरटीनं डोळे मिटले. काहीच झालं नाही, तेव्हा उघडले. हात तसेच समोर होते. ग्लोव्हजच्या नाड्या आपल्या आपल्याला सोडता येत नाहीत.

तुरटीनं त्या एकेक करून सोडल्या.

"म्हणजे इतकी वर्षं मी भलत्याच माणसावर डूख धरला," धाकटा म्हणाला आणि शर्ट खांद्यावर टाकून निघून गेला.

तो घरी आला नाही. पलीकडच्या वस्तीत त्यानं खोली घेतली, गोदामात काम धरलं. वहिनी डबा घेऊन गेली, तर डबा घेतला, तिची चौकशी केली, दादाचं नाव काढलं नाही. मधला रोज विचारायचा, धाकटा आला का? तुरटी म्हणायचा, येईल. पुढे मधल्यानं विचारायचंच सोडलं. तुरटीला वाटलं, विसरला बिचारा.

मग एके दिवशी तुरटी दुपारचं जेवून दुकानात परतला, तर मधल्याची दाढी गुळगुळीत झालेली. हनुवटीवर एवढंसं कापलं होतं, पण रक्त ओघळलेलं नव्हतं. कुणीतरी ते दाबलं होतं, पुसलं नव्हतं. मधला टॉवेलांच्या घड्या घालत होता आणि खुशीत होता.

तेव्हापासून तुरटीचं जेवण लांबलं. शेवटचा घास गिळून झाला तरी तो ताटापुढे बसून राहतो. हात वाळतो, बायको ताट उचलून नेते, तरी बसतो. दुकानातून निघताना गरम पाणी झाकून ठेवतो, ब्रश धुऊन ठेवतो आणि शेजारी एक नवं कोरं ब्लेड ठेवतो. परत येतो तेव्हा पाणी निवलेलं असतं, मधला गुळगुळीत असतो.

धाकटा स्वतःचं ब्लेड घेऊन येतो. तुरटीनं ठेवलेलं तिथंच असतं, कागदात गुंडाळलेलं. तुरटी ते उचलून खणात टाकतो आणि दुसऱ्या दिवशी जेवायला निघताना पुन्हा काढून ठेवतो.