बेचाळीस सांता आणि चार झबली

नाताळच्या दोन दिवस आधी मी एका नुकत्याच जन्मलेल्या लेकराचे कपडे शिवायला नकार दिला. कारण? नाताळची गर्दी! हसा खुशाल. माझी नातवंडंही हसतात.

वसमतला माझं शिलाईचं दुकान होतं. दोन मशीन, पन्नाशीचं वय आणि डोक्यात हवा. एका इंग्लिश मीडियम शाळेच्या गॅदरिंगची ऑर्डर होती. बेचाळीस सांता, शिवाय येशूजन्माच्या नाटकातले मरीया, योसेफ आणि मेंढपाळ. मेंढपाळांचं कापड बेतून ठेवलं होतं, तोच शाळेच्या सरांचा फोन.

"मावशी, ते नाटक कॅन्सल. फक्त सांता डान्स."

"अहो सर, वाढदिवस कुणाचा आहे?"

"पालकांना डान्स आवडतो. आणि बाळाला स्टेजवर काम काय? ते नुसतं पडून असतं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवत होते, "येशूलाच कॅन्सल केलं बघा!" ऑर्डर मात्र परत केली नाही. तोंडानं सरांचा उद्धार आणि पायानं मशीन, दोन्ही जोरात.

असा माझा तोंडाचा पट्टा चालू असताना शकुंतलाबाई आल्या. आमच्याच गल्लीतल्या, जिनिंगवर कामाला. दिवसभर कापसात वावरणारी बाई. हातात स्वतःचं जुनं सुती लुगडं, धुऊन धुऊन मऊ झालेलं.

"बाई, चार झबली द्या शिवून. सुनंचं बाळंतपन दिस भरायच्या आदीच झालं. पोरगी लई बारकी हाय. डाक्टरीनबाई म्हनल्या, ऊब पायजे."

"नाताळ झाल्यावर या. बघून राहिल्या ना, किती काम पडलंय?"

"धा मिनटाचं तर काम हाय."

"सगळ्यांचं दहाच मिनिटांचं असतं!"

त्यांनी लुगड्याची घडी घातली आणि गेल्या. मी पुन्हा सरांवर घसरले.

झबलं म्हणजे बाळाचा पहिला अंगरखा. त्याला बटण नसतं, बांधायला बंद असतात. आणि शिवण बाहेरच्या अंगाला घ्यायची, म्हणजे कोवळ्या कातडीला टोचत नाही. नवख्याला वाटतं, उलटं शिवलं. खरंच दहा मिनिटांचं काम.

नाताळच्या सकाळी नवी साडी नेसून चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसले. पाळकसाहेब तीच गोष्ट सांगत होते, लहानपणापासून ऐकलेली. उतरायला जागा नव्हती, आईनं बाळाला बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलं. बाळंतं! जुनं मऊ फडकं. आयुष्यभर कापडात हात असून हा शब्द मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आला. आमचा देव आला तो असा, उघडा. कुणीतरी गुंडाळावं तेव्हा त्याला ऊब. आणि इथे सुई-दोरा घेऊन बसलेली ही शहाणी म्हणाली, नाताळ झाल्यावर या. सरांनी निदान नाटकातलं बाळ काढलं होतं. मी खरं हाकललं, आणि वर गावभर बोंबलत फिरले.

शेवटच्या गीताला थांबले नाही. तशीच दुकानात आले, माझ्या आईचं ठेवणीतलं सुती लुगडं फाडलं आणि चार झबली शिवली. नव्या साडीला मशीनचं तेल लागलं. लागू दे म्हटलं.

शकुंतलाबाईंच्या घरी सून लेकराला छातीशी धरून बसली होती. लेकरू आजोबांच्या मफलरात. बाई स्वतः हातानं एक झबलं शिवत होत्या, टाके वेडेवाकडे. लेकरू ठीक होतं. त्यात माझं काहीच श्रेय नव्हतं.

त्यानंतर दुकान होतं तोवर डिसेंबरात बाळाचं काम आधी, सांता मागून. एक-दोन शाळा तुटल्या. तुटू देत.

पण त्या दिवशी मी झबली पुढे केली तेव्हा शकुंतलाबाई रागावल्या नाहीत. एक उचललं, शिवणीवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या,

"शिवन भायेर घेतली व्हय, बाई. म्हंजी लेकराला काय टोचतं ते तुमाला बराबर ठाऊक होतं. मंग परवा काहून न्हाई आठवलं?"