पारोशी जीभ

एका रविवारी बाबांच्या पट्ट्याला नवं भोक पाडलेलं दिसलं. भोक नीट मोजून पाडलेलं होतं, आधीच्या भोकांच्या रांगेत, तेवढंच अंतर सोडून. चाळीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये काढलेला माणूस! बारीक होत चालला होता, तोही मापात.

आई गेल्यानंतर वर्षभराने मी त्यांना पुण्याहून सिंगापूरला, आमच्या बिशानच्या फ्लॅटमध्ये आणलं. मुलगा शिकायला परदेशी, नवरा महिन्यातले पंधरा दिवस दौऱ्यावर, आणि मी सकाळी सातला चांगी बिझनेस पार्कमधल्या ऑफिसच्या वाटेला. चार महिन्यांत बाबांचं सात किलो वजन उतरलं. पॉलिक्लिनिकमध्ये रक्त, लघवी, एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी, सगळं करून झालं. सगळं नॉर्मल. बाबांनी रिपोर्ट चष्मा लावून दोनदा वाचले, घडी घातली आणि म्हणाले, "परतीचं तिकीट आहेच पुढच्या महिन्याचं. मी आपला जातो."

जातो म्हणजे कुठे? रिकाम्या घरात, एकटे. तिथे गेले तर मी त्यांना परत बघणार नाही, असं मला आतून पक्कं वाटत होतं. त्यांनी दोन घास खावेत, एवढंच मला हवं होतं. आणि जी गोष्ट मला फार हवी असते तिच्यासाठी मी आरडाओरडा करते. माझ्या नाकावर राग असतो, हे इथेच सांगून टाकते.

मी साडेपाचला उठून पोळी-भाजी, वरण-भात करायची, डबे भरून फ्रिजमध्ये ठेवायची, चहाचा थर्मास भरायची आणि निघायची. संध्याकाळी येऊन बघावं तर अर्धं-अधिक तसंच.

"जेवला नाहीत?"

"भूक नव्हती गं."

"मग मी पहाटे उठून मरते कशाला? तुम्हाला आवडत नाही तर तसं सांगा ना!"

"छान होतं की," असं म्हणून ते टीव्हीकडे बघायचे. हे रोजचं.

चिनी वैद्याचं डोक्यात घातलं ते शेजारच्या आंटीने. ही निवृत्त चिनी बाई रोज सकाळी पार्कात ताई-ची करायची. बाबा तिथल्या बाकावर बसून बघायचे, आणि काही दिवसांनी सगळ्यांच्या मागे उभे राहून तसेच हात हलवायला लागले. लिफ्टमध्ये तिने मला गाठलं. "युवर पापा व्हेरी थिन, ला. विंड ब्लो, ही फ्लाय अवे." मी मनात म्हटलं, मला काय डोळे नाहीत? पण दुसऱ्या शनिवारी तिच्या मागोमाग गेले, बाबांना घेऊन. मला ह्या नाड्या-बिड्यांवर काडीचा विश्वास नव्हता. पण नॉर्मल रिपोर्ट घेऊन बसायचं तरी किती दिवस?

दुकान एका ब्लॉकखाली होतं, केशकर्तनालय आणि फळवाला यांच्या मध्ये. आत पाऊल टाकताच बाबा थांबले आणि छाती भरून वास घेतला. "अगं, हे तर आपलं काष्ठौषधींचं दुकान!" भिंतभर लाकडी खण, काउंटरवर छोटा तराजू, बरण्यांमध्ये मुळ्या, साली, वाळलेली फुलं. एका बरणीत काहीतरी तपकिरी, पोकळ, पायवालं होतं. बाबांनी नाक काचेला टेकवलं. आंटी म्हणाली, ती रातकिड्यासारख्या एका किड्याची टाकलेली कात, डोळ्यांसाठी. "कात? म्हणजे किडा आत नाही? मग ठीक आहे," म्हणत बाबांनी पुढची बरणी धरली. कित्येक महिन्यांत त्यांचा असा चेहरा मी बघितला नव्हता.

वैद्य सत्तरीचे असतील, गोल चष्म्याचे, इंग्रजी जेमतेम. ते आंटीला चिनीत विचारायचे, आंटी मला इंग्रजीत, मी बाबांना मराठीत. उत्तर उलट्या वाटेने परत. त्यांनी बाबांचं मनगट एका छोट्या उशीवर ठेवलं, तीन बोटं टेकवली आणि डोळे मिटले. बोटं कधी हलकी, कधी दाबून. मग दुसरा हात.

"आपल्याकडेही नाडी बघतात," बाबा मला हळूच म्हणाले. "पण ह्या तीन बोटांना वेगवेगळं काय कळतं, ते विचार ना."

"बाबा, तुम्ही पेशंट आहात!"

"विचार तर!"

विचारलं. वैद्य खूश झाले. उजव्या हाताच्या मधल्या बोटाखाली पोट आणि पचन, डाव्या हाताच्या मधल्या बोटाखाली यकृत. यकृतात राग राहतो. बाबांनी हे स्वतःच्या मनगटावर बोटं ठेवून पाठ करून घेतलं. मग विचारलं, ही 'ची', 'ची' म्हणतात ती काय भानगड आहे, आपला प्राणच ना? वैद्यांनी थोडा विचार केला आणि समोरच्या गरम चहाच्या कपावर तळहात धरला. पाणी नाही, कपही नाही, वर येतंय ते, असं आंटीने सांगितलं. बाबांनीही कपावर हात धरून पाहिला आणि मान डोलावली. मला मात्र औषध घेऊन निघायची घाई होती.

मग वैद्यांनी जीभ बघितली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. जिभेवर साय नाही, म्हणाले. निरोगी माणसाच्या जिभेवर पातळ थर असतो. इथे काहीच नाही, लालबुंद. पोटातली ओल आटली आहे. त्यांनी पोटात ओल आणणारी गोडसर मुळं दिली, तीन वाट्या पाण्याची एक वाटी होईपर्यंत उकळायची. घरभर तो वास. बाबांनी आठवडाभर निमूटपणे काढा प्यायला, आणि पोट असं तट्ट फुगलं की जे दोन घास जात होते तेही बंद झाले. पट्ट्याचं भोक तेच, आणि वर पोटात गच्च.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. शनिवारी मी भांडायच्या तयारीनेच दुकानात शिरले. वैद्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, पुन्हा नाडी बघितली, पुन्हा जीभ. मग आंटीतर्फे विचारलं: नाडी सांगते की पोटात ओल जास्त आहे, जीभ सांगते की ओल नाहीच, दोघींपैकी एक खोटं बोलते आहे. हे सकाळी उठल्यावर तोंडाचं काय काय करतात?

बाबांनी अभिमानाने सांगितलं. दात घासतात, चुळा भरतात आणि तांब्याच्या जिभलीने जीभ घासतात. रोज, लहानपणापासून. आणि आज वैद्यांना जीभ दाखवायची, म्हणून निघताना पुन्हा एकदा घासली. "मागच्या वेळीही घासली होती. दुसऱ्यासमोर घाण जीभ काढायची म्हणजे काय!"

मी इंग्रजीत सांगितलं, हाताने घासून दाखवलं. आंटीने चिनीत सांगितलं. वैद्य आधी बघत राहिले आणि मग असे हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मी लिहिलेलं वाचायला बसतो आणि हे फळा पुसून आणतात, म्हणाले. मलाही हसू आलं, पण मनातून मी चरफडले. त्यांची चूक म्हणावी तर चूक आमची होती. कुठल्याही सभ्य मराठी माणसाने केली असती अशी.

उद्या सकाळी या, म्हणाले. जीभ न घासता. चहासुद्धा न घेता.

आम्ही घरी आलो. दारात चपला काढताना बाबा म्हणाले, "मी नाही येणार."

"का?"

"पारोसा जाऊ? पारोशा तोंडाने परक्या माणसासमोर जीभ काढू? आणि तुझी ती आंटी शेजारी उभी!"

"एक दिवस, बाबा! एक दिवस जीभ घासली नाहीत तर काय आभाळ कोसळणार आहे? आरशात बघितलंय का स्वतःला? मी काय करायचं, बघत बसायचं नुसतं?" मी इतकी ओरडले की समोरच्यांनी दार उघडून पाहिलं.

बाबा खाली मान घालून आत गेले. सकाळी उठून बघते तर ते अंघोळ करून, कपडे करून सोफ्यावर बसलेले, तोंडावर रुमाल धरलेला. दुकानापर्यंत तो रुमाल हलला नाही. वाटेत ताई-चीवाल्या एका आजोबांनी हाक मारली तर यांनी नुसता हात वर केला. मला त्यांची फार फार दया आली, पण तोंडाने मी "चला लवकर" एवढंच म्हटलं.

बाबांनी डोळे घट्ट मिटून जीभ बाहेर काढली. वैद्य जवळ सरकले, टॉर्च लावला आणि "आऽ" असा मोठा आवाज काढला. जिभेवर जाड, पांढरा थर होता, कडांना दातांचे ठसे. नाडीचं खरं होतं. पोट म्हणजे चुलीवरचं पातेलं, त्यांनी सांगितलं; ह्या पातेल्याखालचा जाळ विझलाय, आत सगळं गार पाणी साठलंय. मग त्यांनी प्रश्न सुरू केले. तहान लागते का? पाय गार पडतात का? तोंडाला चव कशी? एकेक प्रश्न मी बाबांना विचारत होते, आणि माझ्या लक्षात आलं की यातला एकही मी त्यांना स्वतःहून कधी विचारला नव्हता. मी फक्त "जेवला नाहीत?" विचारायची.

"जेवण गरम असतं की गार?" आंटीने विचारलं.

हा काय प्रश्न झाला? तरी मी विचारलं.

"गार," बाबा म्हणाले. "फ्रिजमधलं."

"फ्रिजमधलं म्हणजे? गरम नाही करत?"

"नाही."

"का?"

ते वैद्यांच्या बरण्यांकडे बघत होते. "तूच सांगितलं होतंस ना, हात लावायचा नाही म्हणून."

मला आठवलं. ते आले त्याच आठवड्यात मायक्रोवेव्हमध्ये त्यांनी स्टीलची वाटी ठेवली होती आणि आत ठिणग्या उडाल्या होत्या. मी किंचाळले होते. घर जाळाल, स्वयंपाकघरात कशालाही हात लावायचा नाही परत! शेगडीही आमची काचेची, इंडक्शनची. चार महिने हा माणूस दुपारी एकटा गारढोण भात, कडक झालेली पोळी आणि वर थिजलेलं वरण खात होता. विचारायचीही भीती, कारण विचारलं तर मी ओरडणार. लहानपणी माझ्या कंपासपेटीचं मोडलेलं झाकणसुद्धा ज्यांनी न रागावता जोडून दिलं, त्यांना माझी भीती वाटत होती.

"व्हॉट ही से?" आंटीने विचारलं.

मी काहीही सांगू शकले असते. त्यांना मराठी थोडंच येत होतं! पण माझ्या तोंडून निघालं, "ही ईट्स कोल्ड फूड. बिकॉज आय शाउट." आणि मग मला रडूच आलं, दुकानात, सगळ्यांसमोर.

बाबा गडबडले. "अगं, त्यांना सांग, स्वयंपाक चांगला असतो! मीच वेंधळा!"

आंटीने चिनीत सांगितलं ते माझ्यापेक्षा बरंच लांबलचक होतं. वैद्यांनी उशी माझ्यासमोर सरकवली. मी डावा हात ठेवला. त्यांनी तीन बोटं टेकवली आणि मधलं जरा दाबलं.

"मधलं बोट, डावा हात," बाबा रुमालाआडून म्हणाले. "यकृत." आणि चार महिन्यांत पहिल्यांदा खो-खो हसले.

औषध आलं-सुंठीच्या जातीचं होतं, आईने दिलं असतं तसंच काहीतरी. काम औषधाने केलं की गरम भाताने, मला सांगता येणार नाही. घरी आल्यावर मी त्यांना मायक्रोवेव्ह शिकवला. त्यांनी वहीत आकृती काढली, बटणांना आकडे दिले, स्टीलच्या वाटीवर फुली मारली. नंतर विचारलं की आत आच नसताना अन्न गरम होतं कसं. मला नीट सांगता आलं नाही, आणि मी चिडले नाही.

सोमवारी दुपारी बाराला मी ऑफिसातून फोन केला. मीटिंग सोडून बाहेर आले होते. "जेवला नाहीत?" हे जिभेवर आलं होतं, ते मी गिळलं.

"बाबा, काय चाललंय?"

"थांब, थांब," पलीकडून ते बोलले, तोंडात घास होता. "वरण इतकं तापवलं, जीभ भाजली माझी."